आवलीच्या पायातला काटा

गोष्ट तुम्ही कधी ना कधी ऐकलेली असणार. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसलेत. घराचं, दुकानाचं, देण्याघेण्याचं भान नाही. आवली भाकरी फडक्यात बांधते आणि उन्हातान्हात डोंगर चढायला लागते. वाटेत पायात काटा रुततो, तोही इतका खोल की ती कळवळून खालीच बसते. तेव्हा विठ्ठल येतो, तिचा पाय हातात घेतो आणि काटा काढतो. ज्या देवाला ती उठता-बसता शिव्या घालते, तोच हा देव. कीर्तनात गोष्ट इथं संपते. बुवा हात वर करतात, टाळ वाजतात, बायका डोळे पुसतात.

प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक मात्र इथं सुरू होतं. काटा निघाला, पण पायाचं काय? सुजलेल्या पायानं घर कोण चालवणार? आवली पोटुशी आहे. पाणी कोण भरणार, चूल कोण पेटवणार? मग विठ्ठल रखुमाईला देहूला पाठवतो. ती लखुबाई नावानं आवलीच्या घरी येते आणि पाय बरा होईपर्यंत राहते. एक बाई दुसऱ्या बाईच्या नवऱ्याबद्दल ऐकते, आणि ऐकता ऐकता स्वतःच्या नवऱ्याबद्दलही. तो दुसरा नवरा म्हणजे खुद्द देव.

२०१७ च्या डिसेंबरात हे नाटक रंगभूमीवर आलं. आधी ती एकांकिका होती. रंगमंचावर फक्त दोघी: शुभांगी सदावर्ते आवली आणि मानसी जोशी लखुबाई. तुकोबा दिसत नाहीत, विठ्ठलही दिसत नाही. संहितेसाठी देशमुखांना साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला. नाटकावर कौतुकाचं पुष्कळ लिहून झालंय, त्यात मी भर घालणार नाही. मला वेगळा प्रश्न पडलाय. लाखो लोक ज्या गोष्टीपुढे हात जोडतात, ती गोष्ट एखादा लेखक बदलतो, तिच्यात नसलेलं पात्र आणून बसवतो, देवाच्या बायकोला परक्या घरी भांडी घासायला लावतो. ही भक्ती म्हणायची की आगाऊपणा?

मी मोशीत राहते आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत काम करते. नाटक चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात पाहिलं. माझ्या पुढच्या रांगेत नऊवारीतल्या तीन आजी होत्या. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. मध्यंतरात मी कान देऊन होते, कारण या आज्या चिडतील अशी मला धास्ती होती. त्यातली एक शेजारणीला म्हणाली, “बरं झालं बाई, कुणीतरी तिला विचारलं.” तिला म्हणजे आवलीला. कुणीतरी म्हणजे रखुमाईनं. गोष्ट पुराणात आहे का, गाथेत आहे का, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

मूळ गोष्ट नावाची वस्तू

आपण ‘मूळ कथेला धक्का लावला’ असं फार सहज म्हणतो. पण तुकोबांच्या बाबतीत मूळ कथा कुठे ठेवलेली आहे? गाथेत तुकोबा स्वतःबद्दल बोलतात: दुष्काळ, दिवाळं, बायकोचा मृत्यू, लोकलाज. पण चरित्र म्हणून आपण जे सलग ऐकतो, त्यातलं बरंचसं आपल्यापर्यंत पोहोचवलं ते महिपतींनी. ताहराबादच्या या कवीनं ‘भक्तविजय’ १७६२ साली लिहिला. तुकोबांना जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती. महिपतींनी उत्तरेतल्या नाभाजींच्या भक्तमाळेचा आणि आपल्याकडच्या उद्धवचिद्घनांचा आधार घेतला आणि तसं मोकळेपणानं सांगितलंही. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, ते स्वतःच एक रूपांतर आहे. आणि ते करणारा माणूस निस्सीम भक्त होता. तुकोबांनी स्वप्नात येऊन आपल्याला हे काम सांगितलं, अशी त्याची श्रद्धा होती, असं परंपरा सांगते.

त्याही आधीचं उदाहरण बहिणाबाईंचं. तुकोबांच्याच काळातली ही ब्राह्मण मुलगी कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकते. तुकोबांना तिनं पाहिलेलंही नसतं. तरी कीर्तनातून ऐकलेले तुकोबा तिच्या स्वप्नात येतात आणि तिचे गुरू होतात. नवरा मारहाण करतो, तरी ती मागे हटत नाही. पुढे देहूला जाते आणि स्वतःच्या आयुष्याची गोष्ट अभंगात लिहून ठेवते. बहिणाबाईंची श्रद्धा आधी एका सादरीकरणातून आली, प्रत्यक्ष भेट नंतरची. म्हणून ‘नाटक-सिनेमा पाहून कुठं भक्ती होते का’ असं कुणी म्हणालं की मला बहिणाबाई आठवतात. कीर्तन म्हणजे तरी काय? एक अभंग घ्यायचा, त्याभोवती दृष्टान्त रचायचे, आवाज बदलून पात्रं उभी करायची, समोरच्या श्रोत्यांना आज काय लागेल ते ओळखून गोष्टीला वळण द्यायचं. प्रत्येक कीर्तनकार रोज रूपांतरच करत असतो.

आणि चाकणला तर या बाबतीत कॉलर ताठ करायचा हक्कच आहे. संताजी जगनाडे मूळचे चाकणचे. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या तेव्हा लोकांच्या तोंडी असलेले अभंग गोळा करून ते पुन्हा लिहून काढण्याचं काम या तेल्यानं केलं, असं सांगतात. चमत्कार मानणारा म्हणतो वह्या तरल्या. न मानणारा म्हणतो अभंग लोकांच्या तोंडी तरले आणि संताजींच्या हातून कागदावर आले. दोन्ही गोष्टींत एक मुद्दा समान आहे: गाथा वाचली, कारण ती कुणीतरी पुन्हा सांगितली. पुढे सरकारी खर्चानं शंकर पांडुरंग पंडितांनी संपादित केलेली गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत छापली गेली, आणि आज देहूच्या गाथा मंदिरात हजारो अभंग संगमरवरी भिंतींवर कोरलेले आहेत. भिंत बघून छाती दडपते. पण दगडावर कोरल्यामुळे अभंग टिकले असं मला वाटत नाही. ते आधी टिकले होते, म्हणून दगडापर्यंत आले.

युरोपातलं एक उदाहरण शेजारी ठेवून पाहा. जर्मनीतल्या ओबरआमरगाऊ गावानं १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत नवस बोलला की साथ टळली तर येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक आम्ही करत राहू. पहिला प्रयोग १६३४ मध्ये झाला. आजही साधारण दहा वर्षांनी गावकरीच ते नाटक करतात. नाटक हाच नवस. पण तिथं गोष्टीला एक धर्मग्रंथ आहे, एक ठरलेला क्रम आहे. आपल्याकडे तुकोबांचा असा एकच ग्रंथ नाही, आणि गोष्ट सांगण्याचं कंत्राट एका गावाकडेही नाही. त्यामुळे आपल्या रूपांतराला मोकळीक जास्त, आणि म्हणून जबाबदारीही जास्त.

हातात वहाण घेतलेली जिजाई

‘देवबाभळी’च्या कितीतरी आधी आवलीला पहिल्यांदा मोठी जागा मिळाली ती प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये. १९३६ चा हा चित्रपट, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. यूट्यूबवर शोधून बघा. चित्र जुनं, आवाज खरखरीत, दहा मिनिटं जरा धीर धरावा लागतो. मग जिजाई येते आणि चित्रपट ताब्यात घेते.

गौरी या अभिनेत्रीनं उभी केलेली ही जिजाई सोज्वळ वगैरे अजिबात नाही. ती म्हशीत रमते, पोरांवर खेकसते, नवऱ्याला बोल लावते. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला एका हातानं ओढत देवळात नेते आणि दुसऱ्या हातात वहाण असते. देवाला मारायला! श्रद्धेचा चित्रपट म्हणून लोक चपला काढून पाहायला बसले असतील, आणि पडद्यावर एक बाई विठोबावर चप्पल उगारतेय. तरी कुणाला देवाचा अपमान झालासा वाटला नाही, कारण ती बाई प्रत्येकाच्या घरातली होती. जिला भाकरीचं पीठ कुठून आणायचं हे ठाऊक नाही, तिचा देवावरचा राग हीसुद्धा देवाशी ओळख असल्याची खूण आहे. अनोळखी माणसावर कुणी एवढं चिडत नाही.

विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा दुसऱ्या टोकाला आहेत. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. त्यांच्या तुकोबांमध्ये जो मऊपणा आहे तो कदाचित तिथून आला असेल. ते संतपणाचा अभिनय करताना दिसतच नाहीत, गाताना दिसतात. आज आपल्या डोळ्यांसमोर तुकोबांचा जो चेहरा येतो त्यात पागनीसांचा चेहरा किती मिसळलाय हे आता वेगळं काढता येणार नाही.

अशीच सरमिसळ शब्दांतही झाली. चित्रपटातलं बीजापासून सुरू होणारं ते प्रसिद्ध पद शांताराम आठवले यांनी १९३६ च्या चित्रपटासाठी लिहिलं. पण कित्येकांना ते तुकोबांचंच वाटलं, अजूनही वाटतं. हा घोटाळा आहे की दाद? एका गीतकाराला याहून मोठा पुरस्कार कोणता? आणि तरी गंमत बघा, याच चित्रपटात सालोमालो नावाचा खलनायक आहे. तो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. म्हणजे एकाच चित्रपटात दोन माणसं आहेत. पडद्यावरचा सालोमालो तुकोबांचे शब्द आपल्या नावावर करतो, आणि पडद्यामागच्या आठवल्यांचे शब्द लोक तुकोबांच्या नावावर करतात. रूपांतरातला फरक मला इथंच सगळ्यात स्पष्ट दिसतो. गोष्टीतून स्वतःसाठी काही काढून घेणारा एक, आणि गोष्टीत स्वतःचं काही टाकून बाजूला होणारा दुसरा.

शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात आणि जिजाई खाली पृथ्वीवर राहते. चित्रपट भक्तिभावानं विमान दाखवतो, पण मला दरवेळी खाली राहिलेली बाईच दिसते. ते बघताना वाटतं की दिग्दर्शकांनाही ती दिसत होती.

२०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ आला. जितेंद्र जोशी तुकोबा, राधिका आपटे आवली, आणि पहिली बायको रखमाच्या भूमिकेत वीणा जामकर. हा चित्रपट तुकोबांचं बालपण, व्यापार, दुष्काळ यांना भरपूर वेळ देतो. रखमाला चेहरा मिळतो, तिची भूक दिसते. संत होण्याआधीचा माणूस दाखवायची ही धडपड मला पटते. पण इथं आवली पुन्हा मागे सरकते. प्रभातच्या जिजाईसारखी ती चित्रपट ताब्यात घेत नाही. तुकोबांना माणूस करताना आवलीच्या जिभेची धार मात्र कमी झाली.

काटा कुणी काढला, पाय कुणी चेपला

आता पुन्हा ‘देवबाभळी’कडे. नाटकाची मोठी कमाई म्हणजे त्यानं आवलीची तक्रार सोडवायला घाई केली नाही. लखुबाई तिला उपदेश करायला आलेली नाही. तिचीही स्वतःची जखम आहे. पंढरपूरची जुनी कथा आहे की कृष्णावर रुसून रखुमाई दिंडीरवनात येऊन बसली. विटेवरचा देव आणि वेगळ्या देवळातली रखुमाई ही रचना त्या रुसव्याची आठवण आहे, असं भाविक सांगतात. नाटक ही कथा आवलीच्या कथेला लावून ठेवतं. एकीचा नवरा देवापायी घर विसरला. दुसरीचा नवरा भक्तांपायी घर विसरला. दोघींची घरं एकाच माणसामुळे विस्कटली आहेत, आणि एकीला ते माहीत आहे, दुसरीला नाही.

ही कल्पना लेखकाची आहे, पण परक्या मातीतली नाही. वारकरी परंपरेत देवाशी भांडणं हा भक्तीचाच प्रकार आहे. नामदेव भांडतात, जनाबाई सुनावतात, तुकोबा तर विठ्ठलाचा हिशेबच मांडतात. मात्र या भांडणात आवलीला कधी वाटा मिळाला नव्हता. तिनं केली ती कजागपणा, संतांनी केली ती भक्ती, असा सरळ भेद शेकडो वर्षं चालला. कीर्तनात ‘आवली’ हे नाव आलं की मांडवात हसू फुटायचं. भांडखोर बायकोचा तो ठरलेला विनोद. ‘देवबाभळी’नं तोच विनोद उचलला, आणि हसणं थांबल्यावर काय उरतं ते दाखवलं. माझ्या लेखी यातच नाटकाची श्रद्धा आहे: गोष्टीवर एवढा विश्वास की तिच्यातल्या हसण्यावारी नेलेल्या बाईलाही तिच्यात जागा होईल.

आता माझी तक्रार.

काटा देवानं काढला. गोष्टीत नाव त्याचं झालं. पण पाय शेकणं, चेपणं, घर सांभाळणं, हे त्यानं बायकोकडे सोपवलं. नाटक या गोष्टीकडे बघतं, त्यावर दोघींना बोलूही देतं, पण शेवटी समजुतीकडे वळतं. आवली निवळते, रखुमाई निवळते, अभंगाचे सूर भरून येतात आणि आपण ओल्या डोळ्यांनी बाहेर पडतो. मला त्या निवळण्याची जरा भीती वाटते. गाणं इतकं देखणं आहे, प्रकाश इतका हळुवार आहे की भूकसुद्धा सुंदर दिसायला लागते. गौरीची जिजाई घामाघूम होती. ‘देवबाभळी’ची आवली दमलेली आहे, पण तिच्या दमण्यालाही लय आहे. माझ्या लाइनवर काम करणाऱ्या बाया दुसरी पाळी संपवून रात्री बारा वाजता घरी जातात आणि सकाळी पुन्हा डबे करतात. त्यांच्या दमण्याला लय नसते.

तरी मी हे नाटक पुन्हा बघेन, आणि कंपनीतल्या दोघी-तिघींना घेऊन जाईन. कारण आजवर कुणी या प्रश्नापर्यंत आलंच नव्हतं. तक्रार करायला जागा तरी या नाटकानंच करून दिली. जे रूपांतर प्रेक्षकाला पुढचा प्रश्न विचारायला शिकवतं, ते स्वतःच्या शेवटापेक्षा मोठं असतं.

पावसात चालणारा विठोबा

गेली काही वर्षं आषाढ जवळ आला की माझा फोन विठोबांनी भरून जातो. एआयनं बनवलेला विठ्ठल पावसात वारकऱ्यांबरोबर चालतो, म्हाताऱ्या आजीला कडेवर घेतो, डोळ्यांत पाणी आणतो. मागे तेच ते संथ संगीत. पंधरा सेकंद. मीही ते फॉरवर्ड केलेत, खोटं का बोलू? बनवणाऱ्या सगळ्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. एखाद्या मुलानं रात्रपाळी करून, बसमध्ये बसून, गावाकडच्या आजीसाठी असा व्हिडिओ बनवला असेल तर ती त्याची ओवीच आहे. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि बाबूजींचं ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालत, अशा आठवणी सांगतात. यंत्र नवं असलं म्हणून भाव खोटा ठरत नाही.

पण एक फरक आहे. गीतरामायणातल्या छप्पन्न गीतांमध्ये राम एकटाच बोलत नाही. कौसल्या बोलते, कैकेयीवर संतापणारा भरत बोलतो, टाकून दिलेली सीता बोलते. प्रत्येकाला आपला आवाज आहे. रीलमधल्या विठोबाशी मात्र कुणी भांडत नाही. त्याच्या अंगावर कुणी वहाण उगारत नाही. त्यात आवली नसतेच, आणि असली तर हात जोडून उभी असते. तिच्या पायात काटा नसतो, कारण काटा दिसला तर व्हिडिओ गोड राहत नाही. जे रूपांतर गोष्टीतला सगळा काटाच आधी काढून टाकतं, तिथं देवाला करायला काही कामच उरत नाही.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवलीय. रूपांतर मुळाला किती धरून आहे हे मी मोजत नाही, कारण मूळच फिरतं आहे. ते बनवणारा माळकरी आहे की नास्तिक, हेही विचारत नाही. फत्तेलाल मुसलमान होते आणि तुकोबांचा सगळ्यात लाडका चित्रपट त्यांच्या हातून घडला. मी एवढंच बघते की या गोष्टीत तक्रार करणाऱ्याला आत घेतलंय का. नुसतं हात जोडायला सांगणारी गोष्ट मला सजावट वाटते. जिच्यात भांडायला जागा आहे ती गोष्ट जिवंत आहे.

डोंगर कुणाचा

या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न नुसत्या रसग्रहणाचा नाही. भंडारा डोंगर तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगेतून दिसतो. तुकोबांना जिथं साक्षात्कार झाला असं मानतात तो भामचंद्र डोंगर शिंदे-वासुलीजवळ आहे, म्हणजे चाकण एमआयडीसीच्या अगदी अंगाला. २००८ मध्ये तिथं डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राविरुद्ध गावकऱ्यांबरोबर वारकरी उभे राहिले आणि तो प्रकल्प पुढे तिथून गेला. आंदोलनाची बाजू बरोबर की चूक यावर दोन मतं असू शकतात. इथल्या कारखान्यांनी माझ्यासारख्या हजारो घरांत पगार आणलाय, हे मी विसरू शकत नाही. पण त्या वेळी लोकांना एकत्र आणलं ते सातबाऱ्यानं जितकं, तितकंच एका गोष्टीनं: इथं आमचा तुकोबा बसला होता. गोष्ट जिवंत नसती तर तो नुसता एक उंचवटा होता, सपाट करून शेड टाकायला सोयीचा.

आणि इंद्रायणी? नाटकात ती स्वच्छ वाहते. आळंदीला तीच नदी कितीदा पांढऱ्या फेसानं भरून वाहते ते आपण बातम्यांत बघतो. वह्या तारणाऱ्या नदीची आपण काय अवस्था केली, यावर अजून मोठं नाटक आलेलं नाही. यायला हवं. त्यात लखुबाई पुन्हा देहूला आली तर तिनं घागर कुठं बुडवायची, एवढा एक प्रश्न पुरेल. लिहिणारा याच पट्ट्यातला असेल तर उत्तम. कंपनी, नदी आणि वारी, तिन्ही ज्याच्या घरात आहेत, त्यालाच हे भांडण खरं जमेल.

आवलीबद्दलची शेवटची गोष्ट कोणत्याही नाटकातली नाही. परंपरा सांगते की तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. नंतर जन्मलेला मुलगा म्हणजे नारायणबाबा. त्यानं १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी आधीपासून होती. तिचा पालखी सोहळा केला तो या पोरानं. आज देहूहून निघालेली पालखी पहिल्या दिवशी इनामदारवाड्यात राहते, दुसऱ्या दिवशी आकुर्डीला मुक्काम करते, आणि मग चिंचवड, पिंपरी, कासारवाडीवरून मेट्रोच्या खांबांखालून पुण्याकडे जाते. वडिलांना ज्यानं पाहिलंही नाही, त्यानं वडिलांची गोष्ट ऐकून आजवरचं सगळ्यात मोठं रूपांतर केलं.

पण वडील न पाहिलेल्या या मुलाला ती गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली असेल? देहूच्या त्या घरात मागे राहिलेली एकच बाई होती. तिनं ती कौतुकानं सांगितली असेल, चिडून सांगितली असेल, मध्येच थांबून नाक पुसून सांगितली असेल. तुकोबांच्या कथेची पहिली कीर्तनकार बहुधा तीच, आणि तिच्या सांगण्यात काटा नक्की असणार.